शुक्र आणि वशीकरण : एका जुन्या विद्येचा इतिहास

सूर्यास्तानंतर पश्चिमेस जो तेजस्वी तारा पहिल्यानें दिसूं लागतो त्यास आपण पंचांगांत शुक्र म्हणतों आणि अंगणांत उभे राहून बोलतांना शुक्राची चांदणी म्हणतों. पहिलें नांव पुरुषाचें, दुसरें स्त्रीचें. पंचांगांतला शुक्र म्हणजे असुरांचा गुरु, भृगुकुळांतला तापट ब्राह्मण, कचास संजीवनी शिकविणारा आणि ययातीस जरेचा शाप देणारा. लोकांच्या तोंडची चांदणी मात्र रूपवतीची उपमा आहे. एकाच आकाशस्थ गोलाचीं हीं दोन रूपें एकाच भाषेंत सुखानें नांदत आहेत, आणि त्यांचा मेळ कसा बसला हें विचारण्याची गरज आपणांस सहसा वाटत नाहीं.

आम्हांस ती गरज वाटली ती एका प्रतिमेच्या वर्णनामुळें. सोळाव्या शतकांतील आग्रिप्पा नांवाच्या जर्मन पंडितानें गूढविद्येवर एक मोठा ग्रंथ लिहिला आहे, व त्यांत निरनिराळ्या ग्रहांच्या प्रतिमा कशा कोराव्या हें सांगितलें आहे. स्त्रीचें प्रेम मिळावें म्हणून लाजवर्द या निळ्या खड्यावर कोरावयाची शुक्राची प्रतिमा अशी : केस मोकळे सोडलेली एक विवस्त्र तरुणी, तिच्या हातांत आरसा आणि गळ्यांत सांखळी. शेजारीं एक देखणा तरुण डाव्या हातानें ती सांखळी धरून उभा आहे व उजव्या हातानें तिचे केस सारखे करीत आहे. दोघेंही एकमेकांकडे प्रेमानें पाहत आहेत. जवळच एक सशस्त्र, पंख असलेला बालक आहे.

हें वर्णन वाचून जो प्रश्न मनांत उभा राहतो तो सोपा आहे. ती तरुणी प्रेमानें पाहत असेल तर सांखळी कशाला हवी? आणि सांखळी असेल तर त्या पाहण्यास प्रेम म्हणावें काय? शुक्राच्या जादूचा सुमारें दीड हजार वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो असें आमचें मत आहे, आणि तें वाचकांपुढें मांडण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. वशीकरणाची इच्छा ही शुक्रापेक्षां फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडांत कामाच्या बाणानें प्रिय स्त्रीचें हृदय विद्ध व्हावें अशी प्रार्थना करणारें सूक्त आहे. त्या सूक्ताचा विनियोग कौशिकसूत्रांत दिला आहे, आणि तो असा कीं, मातीची बाहुली करून तिच्या हृदयांत बाण मारावा. या सबंध विधींत ग्रहाचा पत्ता नाहीं. देवता काम ही आहे, साधन बाण आहे, आणि इच्छा अगदीं उघडी आहे. ती कोणत्याही ताऱ्याच्या आड लपलेली नाहीं.

याच्या उलट प्रकार बाबिलोनमध्यें दिसतो. तेथें ग्रहाचा अभ्यास मोठ्या चिकाटीनें झाला होता. अम्मिसदुक या राजाच्या नांवाशीं जोडलेल्या मृत्तिकापट्टांत सुमारें एकवीस वर्षांचे शुक्राचे उदयास्त नोंदलेले आहेत. मूळ निरीक्षणें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धांतलीं. तीं आपल्या हातीं आलीं तीं मात्र पुष्कळ मागाहून निनवे येथें अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहासाठीं केलेल्या नकलांतून. शुक्राचें एक उदयास्तचक्र सुमारें ५८४ दिवसांचें असतें, व अशीं पांच चक्रें आठ वर्षांत जवळ जवळ नेमकीं बसतात. हा ग्रह इश्तार देवीचा, आणि इश्तार ही प्रेमाची देवी तशीच युद्धाचीही. प्रेमिक तिला साकडें घालीत हें खरें. परंतु उदयास्ताच्या या पट्टांत प्रेमाची भाषा नाहीं. अमुक दिवशीं तारा दिसेनासा झाला तर पाऊस कसा पडेल, पीक कसें येईल, राजे एकमेकांशीं वैर धरतील कीं तह करतील, असे प्रश्न तेथें आहेत. तारा राज्याचा होता. एखाद्या तरुणाच्या निद्रानाशाशीं त्याला कर्तव्य नव्हतें.

ही खाजगी इच्छा आणि हा राजकीय ग्रह यांची गांठ पक्की बसलेली दिसते ती ग्रीक व रोमन अंमलाखालच्या ईजिप्तांत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत पॅपिरसावर लिहिलेली चौथ्या शतकांतली एक जाडी ग्रीक मंत्रपोथी आहे. तींत अफ्रोदितीच्या ताऱ्यास द्यावयाच्या आहुतीचा विधि दिला आहे. पांढऱ्या कबुतराचें रक्त व चरबी, कच्चा बोळ आणि भाजलेली कडू दवण्याच्या जातीची वनस्पति यांच्या गोळ्या करून त्या द्राक्षवेलीच्या लाकडावर किंवा निखाऱ्यावर जाळावयाच्या. सक्ती करण्याची वेळ आलीच तर गिधाडाचा मेंदूही हाताशीं असावा. नंतर ताऱ्याकडे पाहावें. तो स्थिर प्रकाशत असेल तर ती स्त्री विद्ध झाली असें समजावें. दिव्याच्या ज्योतीप्रमाणें लांबट दिसला तर ती निघून आली असें समजावें. त्याच पोथींत दुसरा एक सौम्य प्रयोग आहे. तीन दिवस शुचिर्भूत राहून लोबान जाळावा, देवीचें नेफेरिएरी हें गुप्त नांव घ्यावें, आणि त्या स्त्रीजवळ जाऊन तिच्याकडे पाहत मनांतल्या मनांत तें सात वेळां म्हणावें. असें सात दिवस करावें.

दुसरा प्रयोग वाचून हंसूं येतें, पण त्याच पोथींतला आणखी एक विधि वाचून हंसूं मावळतें. त्यांत मेणाची किंवा मातीची स्त्रीमूर्ति करून तिला तेरा सुया टोंचण्यास सांगितलें आहे. अशी एक मातीची मूर्ति प्रत्यक्ष सांपडली असून ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. हातपाय बांधलेली ती स्त्री गुडघ्यांवर बसली आहे, आणि तिच्या अंगांत तेरा सुया आहेत. बरोबरच्या शिशाच्या पत्र्यावरून त्या स्त्रीचें नांव प्तोलेमाइस व करविणाऱ्याचें नांव सारापाम्मोन होतें असें कळतें. तिनें खाऊं नये, पिऊं नये, झोंप घेऊं नये, आपल्यावांचून दुसऱ्याचा विचार करूं नये, असें त्या पत्र्यावर मागणें आहे. गंगायमुनेच्या देशांतली मातीची बाहुली व तिच्या काळजांतला बाण यांची आठवण येथें कोणासही होईल. दोन्ही देशांनीं हा विधि एकमेकांपासून घेतला असें म्हणण्याची गरज नाहीं. मनुष्याच्या मनाची एक वाईट संवय दोहोंकडे सारखी आहे, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

या मागण्याचा अर्थ काय, याविषयीं जॉन विंक्लर या अमेरिकन विद्वानानें १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एक मार्मिक गोष्ट सुचविली आहे. झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, दुसरा विचार सुचत नाहीं, ही अवस्था खरोखर कोणाची होती? त्या बिचाऱ्या स्त्रीची नव्हे. ती आपल्या घरीं स्वस्थ निजली असेल. मध्यरात्रीं सुया व शिसें घेऊन बसलेल्या त्या पुरुषाची ती अवस्था होती. आपलें दुःख त्यानें बाहुलीवर लादलें. म्हणजे विधीचा परिणाम जर कोणावर होत असेल तर तो करणाऱ्यावरच. हा विचार ध्यानांत ठेवून आपण पुढें जाऊं, कारण पुढें एका मोठ्या पुरुषानें तोच विचार उजेडांत आणून त्याचें शास्त्र केलें.

ग्रहाला प्रेमाचें खातें मिळाल्यावर त्याचा सर्व सरंजाम ठरूं लागला. सात ग्रह मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत, म्हणजे शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध व चंद्र अशा क्रमानें घेऊन त्यांना दिवसाच्या चोवीस तासांवर नेमलें. ज्या ग्रहाकडे पहिला तास त्याचें नांव त्या दिवसाला. शुक्रवारीं पहिला, आठवा, पंधरावा व बाविसावा तास शुक्राचा येतो, आणि पंचविसावा तास, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, शनीकडे जातो. आपण ज्यास होरा म्हणतों तो हाच तास. शब्दही मूळचा ग्रीकच. धातूंची वांटणी अशीच झाली. अफ्रोदितीचें मोठें ठाणें सायप्रस बेटांत, व त्याच बेटांत तांब्याच्या खाणी. म्हणून पश्चिमेकडे तांबें शुक्राचें झालें.

हें होराशास्त्र इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत हिंदुस्थानांत आलें. वारांचा उल्लेख असलेला आपल्याकडील सर्वांत जुना सनवार लेख एरण येथील बुधगुप्ताच्या वेळचा, इ. स. ४८४ चा, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही देवघेव किती अर्वाचीन आहे तें कळतें. सहाव्या शतकांतील वराहमिहिर ग्रहांचे पर्याय देतांना सूर्यास हेलि, मंगळास आर व शुक्रास आस्फुजित् म्हणतो. आस्फुजित् म्हणजे संस्कृत पोषाख केलेली अफ्रोदिती होय. याहूनही बोलका पुरावा बृहज्जातकांत आहे. तेथें ग्रहांचीं लिंगें सांगतांना वराहमिहिर चंद्र व शुक्र यांस स्त्रीग्रह ठरवितो. पुराणांत चंद्र पुरुष, शुक्र तर दाढीजटा वाढविलेला आचार्य. तरी कुंडलींत बसतांच दोघेही युवती होतात! ग्रीक देवीला देशांतर करतांना आपलें रूप सोडावें लागलें, पण स्वभाव सोडावा लागला नाहीं. विवाह, सौंदर्य, सुगंध, वाहनसुख हें सारें ती बरोबर घेऊन आली व भार्गव मुनींच्या पदरांत तिनें तें टाकलें. शुक्र आणि शुक्राची चांदणी यांच्या जोडीचें मूळ या देवघेवींतच आहे असें सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु एका गोलास दोन स्वभाव कसे चिकटतात हें त्यावरून कळतें.

आपल्याकडे मात्र या ग्रहाची उपासना निराळ्या वळणानें गेली. याज्ञवल्क्यस्मृतींत ग्रहयज्ञाचें प्रकरण आहे. तेथें शुक्राची मूर्ति रुप्याची, समिधा औदुंबराच्या व दक्षिणा घोडा असें सांगितलें आहे. हेतु श्री, शांति, वृष्टि, आयुष्य व पुष्टि हे. अभिचारासाठींही ग्रहयज्ञ करतां येतो असें स्मृतिकार स्पष्ट म्हणतो, तेव्हां आमचे पूर्वज या बाबतींत निर्मळ होते असा अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. तथापि तांत्रिक षट्कर्मांत वशीकरणास जें मोठें स्थान आहे तें मुख्यतः देवी, यक्षिणी व मंत्रबीजें यांच्या जोरावर. आमच्या शुक्रानें विवाहाचा मुहूर्त अडवून धरला, शुक्रास्तांत लग्नें बंद ठेवलीं. पण कोणाच्या गळ्यांत सांखळी घालण्याचें काम त्याच्याकडे फारसें आलें नाहीं. तें काम पश्चिमेस वाढलें.

तेथें जाण्याची वाट बगदाद व हारान या शहरांवरून होती. हारानच्या लोकांत ग्रहपूजा इस्लामी अमदानींतही चालू होती. तेथला साबित इब्न कुर्रा हा मोठा गणिती इ. स. ९०१ मध्यें वारला. ग्रहांच्या प्रतिमांवर त्याच्या नांवाचा एक ग्रंथ लॅटिनांत पुष्कळ वाचला जाई. दहाव्या शतकांत मुसलमानी स्पेनमध्यें 'गायत् अल्-हकीम' हा जादूचा कोशच तयार झाला. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या आज्ञेनें १२५६ ते १२५८ या काळांत त्याचें भाषांतर झालें, व लॅटिनांत तो पिकाट्रिक्स या नांवानें प्रसिद्धीस आला. शुक्र अनुकूल असतां दोन बाहुल्या करून त्या एकमेकांच्या मिठींत बांधाव्या व पुराव्या, असे प्रयोग त्यांत आहेत. सुया गेल्या, मिठी आली. पण ज्याच्यासाठीं हें करावयाचें त्याची संमति विचारण्याची पायरी अजून आली नव्हती.

याच प्रवासांत एक हिंदी प्रवासीही युरोपांत पोंचला. इटलींतील फेर्रारा येथें स्किफानोया नांवाच्या महालाच्या भिंतींवर १४७० च्या सुमारास बारा महिन्यांचीं चित्रें काढलीं गेलीं. तेथें मेषाच्या पहिल्या द्रेष्काणाच्या जागीं पांढरें वस्त्र गुंडाळलेला एक काळा उग्र पुरुष आहे. १९१२ सालीं रोम येथील कलेतिहासपरिषदेंत आबी वारबुर्ग या जर्मन संशोधकानें दाखवून दिलें कीं, हा पुरुष वराहमिहिराच्या बृहज्जातकांतून अबू माशर या बगदादच्या ज्योतिष्यामार्फत तेथें आला आहे. ग्रीसनें आम्हांस होरा दिली; आम्हीं युरोपास द्रेष्काण परत पाठविले.

त्याच दालनांत पुढचें चित्र एप्रिल महिन्याचें, शुक्राच्या विजयाचें आहे. हंसांनीं ओढलेल्या नौकेवर देवी बसली आहे. कांठावर तरुणतरुणींचे मेळे व ससे आहेत. आणि देवीपुढें युद्धदेव मंगळ गुडघे टेंकून बसला आहे. त्यास सांखळीनें जखडलें आहे. वाचकांनीं आमच्या आरंभींच्या चित्राची येथें आठवण करावी. सांखळी तीच, पण येथें ती स्त्रीच्या गळ्यांत नाहीं, शस्त्रधारी पुरुषाच्या अंगावर आहे. फेर्राराच्या चित्रकारास प्रेमाचें सामर्थ्य दाखवावयाचें होतें, व त्यास असें वाटलें कीं, प्रेम बांधतें तें हिंसेला.

हा दुसरा अर्थ ज्यानें शास्त्रांत आणला तो फ्लॉरेन्सचा मार्सीलियो फिचीनो. तो वैद्याचा मुलगा, स्वतः धर्मोपदेशक, प्लेटोचा भाषांतरकार, आणि जन्मपत्रिकेंतल्या शनीमुळें आपण उदास आहोंत असें मानणारा. १४८९ सालीं त्यानें आयुष्याविषयीं तीन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या भागांत ग्रहांच्या प्रतिमांचा विचार आहे, आणि तेथें शुक्राचीही प्रतिमा आहे : हातांत सफरचंदें व फुलें घेतलेली, पिवळीं व पांढरीं वस्त्रें नेसलेली तरुणी. सांखळी नाहीं, आरसा नाहीं, शेजारीं पुरुषही नाहीं. हेतु काय? तर मनाचा उल्हास आणि शरीराचें बळ. कोणाला ओढून आणण्याची गोष्टच नाहीं. शिवाय आपण हें पुरस्कारासाठीं नव्हे, निवेदनासाठीं सांगत आहोंत, व प्रतिमेपेक्षां औषधावर आपला भरंवसा अधिक आहे, अशी पुस्ती तो जोडतो.

फिचीनोचा शुक्र हा बहुतेक पथ्याचाच एक भाग आहे. अभ्यासानें शिणलेल्या मनुष्यानें हिरवळींत फिरावें, सुवास घ्यावा, गाणें ऐकावें. कारण हिरवा रंग, गंध व नाद यांच्या योगें प्राण शुक्राच्या जातीचा होतो. गुरु, सूर्य व शुक्र यांस त्यानें तीन अनुग्रहदेवता म्हटलें आहे. मात्र वृद्धांना बुधाच्या तोंडून तो इशारा देतो कीं, शुक्राच्या देहसुखानें आयुष्य झिजतें. मेदीची घराण्यांतील एका तरुणास १४७८ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत त्यानें याहून पुढचें पाऊल टाकलें. आपली दृष्टि शुक्रावर ठेव, असें सांगून शुक्र म्हणजे माणुसकी असा त्यानें अर्थ केला. बोत्तिचेल्लीच्या 'वसंत' चित्रांतील देवीच्या मुळाशीं हेंच पत्र असावें असें मत गोम्ब्रिख यानें १९४५ सालीं मांडलें; त्यावर वाद आहे, परंतु पत्राचा अर्थ त्या वादावर अवलंबून नाहीं. ईजिप्तांतला पुरुष जें नकळत करीत होता तें फिचीनोनें कळून सवरून केलें. विधि करणाऱ्यावरच परिणाम करतो ना? मग तो करणाऱ्याच्या सुधारणेसाठींच करावा.

हें पाऊल निर्धास्तपणें टाकतां आलें असें नाहीं. १४९० सालीं त्याच्यावर जादूचा आरोप पोपच्या दरबारापर्यंत गेला, व वजनदार मित्रांच्या साह्यानें तो त्यांतून सुटला. शिवाय त्याचा शुक्र फार दिवस टिकला नाहीं. आग्रिप्पाचा ग्रंथ १५१० सालीं हस्तलिखित तयार झाला व १५३३ सालीं कोलोन येथें पुरा छापून निघाला. त्यांत फिचीनोची फुलें धरलेली तरुणी आहे आणि सांखळीवालीही आहे. पहिली आनंदासाठीं, दुसरी स्त्रीच्या प्रेमासाठीं, अशीं दोन्ही एकाच पानाच्या आसपास. शुक्राचें यंत्रही तेथें आहे. एकापासून एकुणपन्नासपर्यंतचे अंक सातसातांच्या सात ओळींत असे मांडावयाचे कीं, कोणतीही ओळ उभी, आडवी वा तिरपी मिळविली तरी बेरीज १७५ यावी. सर्वांची मिळून १२२५ होते. शुक्र शुभ असतां हें यंत्र रुप्याच्या पत्र्यावर कोरलें तर भांडणें मिटतात, पतिपत्नींत शांतता नांदते, वांझपण जातें, आणि कबुतरखान्यांत ठेवल्यास कबुतरें वाढतात! अशुभ शुक्रावर पितळेच्या पत्र्यावर कोरलें तर सारें उलट. ज्या कबुतराचें रक्त ईजिप्तांत ताऱ्यास वाहिलें जाई त्याच्याच पिल्लांची काळजी येथें घेतलेली पाहून बरें वाटतें.

आग्रिप्पाची स्वतःची निष्ठा किती होती हें सांगणें कठीण आहे. १५३० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें सर्व विद्यांची, त्यांत जादूचीही, अनिश्चितता व पोकळपणा दाखविला. आणि १५३३ च्या आपल्या गूढविद्येच्या ग्रंथाच्या शेवटीं त्याच टीकेचा भाग जोडून दिला. विष आणि उतारा एकाच पुडींत बांधणारा हा मनुष्य होता. वाचकांनीं उतारा वगळून विष तेवढें घेतलें. पुढील मंत्रपुस्तकांत यंत्र, धातु व होरा यांची नक्कल होत राहिली. माणुसकीचा शुक्र मात्र पत्रव्यवहारांत पडून राहिला.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, हा सारा भ्रमच. त्यांतला सौम्य भ्रम व दुष्ट भ्रम असा भेद करण्यांत हंशील काय? या ग्रहाविषयीं आज आपणांस जें ठाऊक आहे त्यावरून तर आक्षेप बळकटच होतो. सोव्हिएत रशियाचें व्हेनेरा ७ हें यान १९७० सालीं शुक्रावर उतरलें. तेथें सुमारें ४६० अंश सेल्सिअस उष्णता आहे, हवेचा दाब आपल्या नव्वदपट, आणि वर गंधकाम्लाचे ढग. तेथें ना देवी आहे, ना भार्गव. परंतु आमचें म्हणणें ग्रहाविषयीं नाहीं, मनुष्याविषयीं आहे. त्या कोऱ्या गोलावर माणसांनीं आपली वासना लिहिली, आणि काय लिहावें याची निवड त्यांचीच होती. फिचीनो आणि आग्रिप्पाचा कारागीर यांच्या डोक्यावरचा तारा एकच होता. एकानें त्याच्याकडे पाहून स्वतःस सुधारावें म्हटलें, दुसऱ्यानें परक्या मनावर ताबा मागितला. ही निवड तारा पुसला गेल्यावरही उरते. वशीकरणाच्या जाहिराती आपल्या वर्तमानपत्रांत अजून येतात, आणि नकार ऐकून घेण्याची ज्यांना संवय नाहीं असे पुरुष त्यांचे गिऱ्हाईक होतात. त्यांच्या हातीं आज सुया नसतात. पण तिला झोंप येऊं नये हें मागणें जुनेंच आहे, आणि तें मंत्रावांचूनही पुरें करून घेण्याचे उपाय त्यांतल्या कांहींना ठाऊक असतात.

म्हणून लाजवर्दावरच्या त्या चित्राकडे पुनः एकदां पाहावें. कारागिराच्या हातून एक गोष्ट सहज खरी उतरली आहे. सांखळीचें एक टोंक स्त्रीच्या गळ्यांत आहे, पण दुसरें टोंक धरून ठेवण्यांत त्या पुरुषाचा डावा हात कायमचा अडकून पडला आहे. तिचे केस सारखे करावयास त्याला एकच हात उरला. सांखळी सोडली असती तर ती कदाचित् निघून गेली असती. कदाचित् राहिली असती. ती राहिली असती तर मात्र तिच्या त्या पाहण्यास प्रेम म्हणतांना आपणांस अडखळावें लागलें नसतें.